लंकेवर रिकाम्या हातानं

आधीच सांगते — असल्या गोष्टींशी माझं जन्माचं वाकडं आहे. मी बल्लारपूरला शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तिच्या डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतणारी बाई म्हणजे मीच. पाणी पडल्यावर तिनं ज्या शिव्या घातल्या त्या देवीच्या नव्हत्या, अस्सल बल्लारपूरच्या होत्या... गल्ली महिनाभर हसत होती. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले. कुणाला पिंपळाखाली काय दिसलं, कुणाच्या गाडीसमोर कोण आलं. वाचायचं, हसायचं आणि भाजी फोडणीला टाकायची.

आता माझ्यावर हसा, माझी हरकत नाही. घरात हा विषय काढायची सोय राहिलेली नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ मंगेश. चंद्रपूरला त्याची साउंड सर्व्हिस आहे. लग्न, हळद, वाढदिवस — कुणाचंही काहीही असो, याचे स्पीकरचे डबे छाती हादरवतात. आणि हाच माणूस मोसम संपला की जंगलात जाऊन पाखरांचे आवाज गोळा करतो! मी त्याला म्हणायची, "सहा महिने लोकाचे कान फाडते अन् सहा महिने स्वतःचे कान धुते." तो म्हणायचा, "ताई, पाप-पुण्याचा हिशोब बरोबर राह्यला पाहिजे ना." पक्षी बघायचं वेड मी लावलं त्याला. तो शाळेत होता तेव्हा इरईच्या काठावर मीच घेऊन जायची. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचे डबे, त्याचा अभ्यास, त्याचं लग्न, सगळं माझ्या हातून झालं. मला मूलबाळ नाही. मंगेशच आहे.

आमच्यात भांडण एकाच गोष्टीवरून. पक्षी दिसला नाही तर काही लोक मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवतात. पाखरू बिचारं फसतं, दुसरा कोणी आपल्या हद्दीत आला समजून बाहेर येतं, आणि हे फोटो काढतात. मला हे आवडत नाही. मंगेश तर साउंडवाला! त्यानं वेळूच्या काठीच्या टोकाला छोटा स्पीकर तारेनं घट्ट बांधला होता. काठी लांब धरायची, झुडपात घालायची आणि मोबाइलवरून आवाज सोडायचा. काठीला त्यानं नावही ठेवलं होतं... नवरदेव. का, तर तो वाजत जातो म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात, दोन लग्नांच्या मधली सुट्टी गाठून, आम्ही दोघं सिरोंच्याला गेलो. आष्टी ओलांडून आलापल्लीकडून खाली उतरलं की रस्ता, बोली आणि चहाची चव, तिन्ही बदलत जातात. प्राणहिता जिथं गोदावरीला मिळते त्या भागात चैत्र-वैशाखात पाणी उतरतं आणि नदीचे फाटे फुटतात. एक धार इकडून, एक तिकडून, मधे वाळूची बेटं, बेटांवर झाऊची झुडपं. सातवीचा भूगोलही माझ्याकडे आहे; पोरांना मी त्रिभुज प्रदेश शिकवते तो खूप पुढं, समुद्राजवळ. पण त्याची रंगीत तालीम नदी इथंच करून घेते असं वाटतं. पल्याडचे तेलुगू लोक नदीतल्या बेटाला लंका म्हणतात. अल्याडचे आपले मासेमार ढिवरही लंकाच म्हणतात.

आम्हाला जायचं होतं ते नदी सुरय बघायला. काळी टोपी, पिवळी चोच, करड्या पंखांचा देखणा पक्षी. हा घरटं बांधत नाही, उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. दुपारी वाळू इतकी तापते की अंडं शिजायचं, म्हणून माद्या नदीत पोट भिजवून येतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. हे मी वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. सकाळी डोंग्यातून जाताना पाहिलं आणि खरं सांगते, डोळे भरून आले. काठावर मगरीचं पोट घसरल्याचा ओला पट्टा होता. एका खडकावर पाणमांजरांनी टाकलेली माशांची खवलं चमकत होती. मंगेश डोंग्यात उभा राहून "ताई, थे पाहाय... ताई, इकडं पाहाय" करत होता, आणि डोंगावाला त्याला खाली बस म्हणून ओरडत होता.

डोंगावाला राजन्ना आणि त्याची बायको पोशक्का, दोघं मिळून मासे मारतात आणि आमच्यासारखे कोणी आले तर फिरवतात. राजन्ना फार बोलघेवडा. मराठी, हिंदी, तेलुगू एकाच वाक्यात. वाटेत त्यानं आम्हाला तीन वेळा चुकीचं पाखरू दाखवलं आणि बायकोनं तीनही वेळा त्याला दुरुस्त केलं. मोठी मजेशीर जोडी.

लंकेला डोंगा लागला. राजन्नानं हातातला लांब बांबू डोंग्यात आडवा ठेवला. खिशातली बिडी, काडीपेटी, मोबाइल, सगळं काढून ठेवलं. मग वाळूत उतरला आणि लंकेकडे तोंड करून दोन्ही हात पुढे केले... तळवे वर, मग उलटे, मग परत वर. लहान मूल "हात धुतले" म्हणून दाखवतं तसे. पोशक्कानं तर पदरही झटकून दाखवला.

मी विचारलं, "हे काय? चेकिंग हाये का?"

"पाखरू अंडेवर हाये ना अम्मा, तोपर्यंत लंकेवर खाली हात जा लागते," राजन्ना म्हणाला. "हातात काही नको."

"काऊन?"

"काऊन म्हणजे... बाप करत होता, मी करतो."

"अन् बाप काऊन करत होता?"

"त्याचा बाप करत होता!" असं म्हणून तो स्वतःच हसला.

मी लगेच माझं विज्ञान लावलं. अंडी चोरायला येणारा माणूस काठी, टोपली घेऊन येतो. त्याला आळा बसावा म्हणून जुन्या लोकांनी हा नियम केला असणार. संवर्धनाची किती सुंदर पद्धत! मी दुर्बीण गळ्यात सोडली आणि हात पुढे करून दाखवले. मनात म्हटलं, परत गेल्यावर शाळेत सांगायला छान गोष्ट मिळाली.

मंगेश उतरला तो नवरदेव हातात घेऊन.

"कर्रा वद्दु," पोशक्का म्हणाली. काठी नको.

"बाई, ही काठी नाई, स्टँड आहे," मंगेश म्हणाला. "हे पाहा, वर स्पीकर."

"कर्रा वद्दु, तम्मुडू." तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. तिनं काठीला लावायला हात पुढं केला आणि तिथंच मागं घेतला.

मी म्हटलं, "ठेव ना बे, काय बिघडते तुयं?"

"ताई, तू विज्ञानाची मास्तरीण ना? तूच असं बोलून राह्यली?" असं म्हणून तो मला डोळा मारून पुढं चालू लागला. मला त्याच्या बोलण्याचं हसू आलं. राजन्ना मागं फिरला. तो आणि पोशक्का डोंग्याजवळच बसले.

ऊन चढलं होतं. मी झाऊच्या विरळ सावलीत थांबले, कारण तिथून पुढं अंडी सुरू होत होती. आपण जवळ गेलो की माद्या उठणार, आणि त्या उन्हात अंडी उघडी पडणार. मी त्याला बजावलं होतं की इथूनच बघायचं. पण मंगेश माझ्यापासून पन्नासएक पावलं पुढं गेला, वाळूत गुडघ्यावर बसला आणि काठी आडवी धरून मोबाइल काढला. मला कळलं तो काय करणार आहे. मागच्या वर्षी वैनगंगेच्या वाळूत त्यानं सुरयाच्या पिल्लाचा आवाज भरला होता. घाबरलेल्या पिल्लाचा. कुत्रं अंगावर आल्यावर ते जसं ओरडलं होतं तो आवाज.

"मंग्या, वाजवू नको!" मी ओरडले.

त्यानं हात वर करून 'जरासा' अशी खूण केली. आणि वाजवला.

अख्खी लंका उठली. आभाळात करडे-पांढरे पंखच पंख, आणि त्या किंचाळ्या... लग्नाच्या डब्यापेक्षा मोठ्या. मग ते त्याच्यावर कोसळू लागले. सुरय डोक्यावर झेपावतो हे मला माहीत होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. एकामागून एक, सरळ खाली, चोचीनं टोचून वर. त्याची टोपी उडाली. कपाळावरून रक्ताची धार आली. एकानं कानाची पाळी फाडली. मंगेश पहिल्यांदा हसत होता, "बाप रे, बाप रे" म्हणत होता, मग एका हातानं डोकं झाकून खाली वाकला. मी "पळ! मागं पळ!" म्हणून ओरडत होते.

इथवर सगळं समजण्यासारखं आहे. पाखरांचं पोर संकटात आहे असं त्यांना वाटलं, त्यांनी हल्ला केला. चूक आमची.

आणि मग सगळे पक्षी गेले. एकदम. उडत दूर गेले असं नाही, नदीच्या पलीकडच्या धारेवर जाऊन सगळे पाण्यात उतरले आणि गप्प बसले. नदीवर दुसरा आवाज नाही. फक्त स्पीकरमधलं पिल्लू ओरडतंय. मंगेशनं डोकं वर करून इकडं-तिकडं पाहिलं.

सट्.

उडीद झोडपताना काठीचा आवाज येतो ना, तसा. मंगेश गुडघ्यांवरून पुढं फेकला गेला. मला वाटलं तो घसरला. परत सट्. या वेळी पाठीवर, आणि त्याचा शर्ट उभा फाटला. तिसरा फटका चुकला असावा, कारण त्याच्या बाजूच्या वाळूत लांब, सरळ चर पडला आणि वाळू उडून माझ्यापर्यंत आली. तिथं कोणी नव्हतं. मी शपथेवर सांगते, लख्ख उन्हात, उघड्या वाळूवर, माझ्या भावाशिवाय तिथं कोणी नव्हतं.

मी धावले. वाळूत पाय रुतत होते. धावताना मला दिसत होतं... पाठ, मांडी, खांदा, परत पाठ. तो ओरडत होता, मग ओरडणं थांबलं आणि प्रत्येक फटक्याला नुसती हवा बाहेर पडल्यासारखा आवाज येऊ लागला. डोक्यावर बसला तेव्हा ओल्या नारळाची करवंटी फुटावी तसं झालं. काठी त्याच्या उजव्या मुठीत होती, आणि वर स्पीकर ओरडतच होता. मी त्याच्या अंगावर पडले, झाकायला. दुसरं काही सुचलंच नाही. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं... आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

माझ्या डाव्या खांद्यावर बसला तो. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, मग दुखलं.

डोंग्याकडून पोशक्काचा आवाज आला. "चेतुलु! चेतुलु चूपिंचु! अम्मा, हात दाखवा! हात!"

मी विचार केला नाही. उजवा हात वर केला, तळवा उघडा. डावा उचलत नव्हता, तो तसाच वाळूवर उलटा केला, बोटं पसरून. आणि माझ्यावरचं थांबलं. माझ्यावरचं थांबलं, पण मंगेशवर चालूच. माझ्या अंगाखालून बाहेर राहिलेल्या त्याच्या पायांवर बसत होते. घोट्याजवळ एक बसला आणि पाऊल भलतीकडेच वळलं.

काठी सोडवायची होती, बस्स. "सोड! मंग्या, सोड!" पण त्याची मूठ अशी आवळलेली की लोखंडाची. त्याला शुद्ध होती की नाही मला माहीत नाही. मी एका हातानं बोटं उचकटायला लागले. करंगळी उघडली की तर्जनी परत मिटायची. अंगठा मागं ओढला, जोर लावला, तो कट्कन मोडला तरी मूठ सुटेना. मग मी त्याच्या मनगटाला चावले. ज्या हाताला मी अक्षर गिरवायला शिकवलं त्या हाताला मी कुत्र्यासारखी चावले, तोंडात रक्त येईपर्यंत. तेव्हा मूठ सुटली.

मी त्याचं मनगट धरून तो रक्ताळलेला तळवा वर केला. आभाळाला दाखवला. "पाहा! रिकामा हाये! पाहा!" कुणाला म्हणत होते, मला ठाऊक नाही.

थांबलं.

थोड्या वेळानं पाखरं परत आली. पोटं भिजवून आली आणि आपापल्या अंड्यांवर बसली. आमच्यापासून हातभर अंतरावर एक मादी येऊन बसली, तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी वाळूत पडली होती आणि पिल्लू ओरडत होतं. राजन्ना आणि पोशक्का आले, हात पुढं करून आले, आणि मंगेशला दोघांनी उचललं. काठीला कुणी हात लावला नाही. डोंगा बराच दूर जाईपर्यंत तो आवाज येत होता.

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी मंगेशची पाठ पाहिली आणि बाकीच्यांना बाहेर घालवलं. काठीचा मार ओळखता येतो म्हणे. मधे फिकट, दोन्ही कडांना लाल, अशा जोडरेघा उठतात. मंगेशची पाठ तशा रेघांनी भरली होती. "कोणी मारलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मंगेशला चंद्रपूरला हलवायचं ठरलं. डोक्याला सूज होती, तो शुद्धीवर नव्हता. "रात्र निघाली तर बघू" हे शब्द मी त्याच्या बायकोला, वैशालीला, फोनवर सांगितले नाहीत. नुसतं पडला म्हणाले. तोवर पोलीस ठाण्याचे एक जमादार आले. त्यांनी पहिल्यांदा राजन्नालाच धरलं. गरीब माणूस, डोंगा त्याचा, बांबू त्याचा. तो हात जोडून "अम्मा, तुमी सांगा ना, तुमी सांगा" म्हणत होता.

मी जमादारांना सांगितलं, "तो डोंग्याजवळ होता. त्यानं नाही मारलं."

"त्याच्या बायकोनं?"

"तीपण तिथंच होती."

"मग बाई, लंकेवर राह्यलं कोण?" त्यांनी विचारलं, आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. मी पण तेव्हाच पाहिलं. माझ्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. मी म्हटलं, मूठ सोडवताना झालं असेल. ते म्हणाले, "हो, होऊ शकते." पण वाकडा झालेला डावा हात मी तर मूठ सोडवायला वापरलाच नव्हता... हे माझ्या लक्षात फार नंतर आलं.

मंगेश वाचला. आठवड्यानं डोळे उघडले, बोलायला आणखी वेळ लागला. पोलिसांनी बयाण घेतलं तेव्हा मी दाराबाहेर होते. तो सांगत होता, "मगर होती साहेब. काठावर बसलो होतो, मांगून आली अन् शेपटीनं झोडपलं. ताईनं ओढून काढलं मले." मगरीच्या शेपटीचा मार काठीसारखा दिसेल का, हे कोणी विचारलं नाही. चावल्याची खूण तर होतीच मनगटावर, दात कुणाचे ते कोणी तपासलं नाही. राजन्ना सुटला. सगळ्यांनी देवाचे आभार मानले.

वैशाली चहा आणायला गेली तेव्हा मी त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "मगर कुठून आणली रे?"

तो छताकडे पाहत होता. "मग काय सांगू? बहिणीनं मारलं मनून सांगू?"

मला वाटलं औषधाचा अंमल आहे. म्हटलं, "काय बोलून राह्यला?"

"ताई, तू आली, अन् माया हातातली काठी घेतली. पाखरं गेल्यावर. मले वाटलं, आवाज बंद कराले घेऊन राह्यली." त्याचा आवाज अगदी साधा होता, रागाचा लवलेश नाही. "मग मारलं. तू काईच बोलत नोव्हती. डोळे उघडे होते तुये, पण पाहून कुठीच नोव्हती राह्यली."

"मंग्या, काठी तुया हातात होती. मी सोडवून राह्यली होती. तुया मनगटाले चावली मी, पाहाय, खूण पाहाय..."

"हो ना. मी काठी धरली होती, तुया हातातून ओढाले. मनून तर चावली तू."

"अन् माया खांदा? मायं हाड कोणी मोडलं?"

"मीच ढकललं तुले. दगडावर पडली तू." मग त्यानं मान वळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे ना ताई. ऊन लई होतं. मी कोणाले नाई सांगत. वैशूलेबी नाई सांगितलं."

त्यानं मला वाचवायला खोटं सांगितलं होतं. माझ्या भावाला वाटतं की मी त्याला मरेस्तोवर झोडपलं, आणि तो मला पाठीशी घालतोय! मी रडले, ओरडले, नर्स आली. मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि तो "हो ताई, हो ताई" म्हणत राहिला. लहानपणी मला ताप चढायचा तेव्हा आई म्हणायची तसं.

खांद्याची पट्टी निघाल्यावर मी एकटी सिरोंच्याला गेले. नदीला पाणी आलं होतं, लंका बुडाली होती. पोशक्का जाळं दुरुस्त करत होती. मी तिच्यासमोर बसून हात जोडले. म्हटलं, "तू पाहिलं ना? मले खरं सांग. त्याले कोण मारत होतं?"

ती म्हणाली, "पाखरू गप झाला का आम्ही पाठ करतो. नाई पाहत."

"मग हात दाखव मनून कोणाले ओरडली? मले ना? मायाच हातात काही होतं का? सांग ना, पोशक्का!"

"तसंच ओरडतात, अम्मा. माझी सासू तसंच ओरडे." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. राजन्ना, जो कधी गप्प बसत नाही, तो आत जाऊन बसला.

मी स्वतःची तपासणी करून घेतली. नागपूरला जाऊन डोक्याच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मेंदूचे फोटो काढले, प्रश्न विचारले. काही नाही. उन्हानं भ्रम होऊ शकतो म्हणाले, पण कुणाला झाला, मला की मंगेशला, ते कसं सांगणार? त्या दिवशी मंगेश आवाज वाजवत होता, भरत नव्हता, त्यामुळे तिथलं काहीही रेकॉर्ड नाही. मी रात्ररात्र बसून जुळवते. माझी गोष्ट सगळ्या खुणांना लागू पडते. त्याचीही पडते. फक्त ती पाखरं अशी एकदम का गेली, तेवढ्याला कुठलीच लागू पडत नाही. आणि एक गोष्ट अजून... त्या दिवशी वाळूत लांब चर पडलेला मी दुरून पाहिला, तेव्हा मी झाऊखाली होते. झाऊखाली होते हे मला पक्कं आठवतं. पण विज्ञानाची शिक्षिका म्हणून विचाराल तर, एकट्या माणसाच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत. मीच वर्गात सांगते तसं.

मंगेश आता काठीशिवाय चालतो, थोडा लंगडतो. साउंड सर्व्हिस चालू आहे. जंगलात जात नाही. माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, थट्टा करतो, जेवायला बोलावतो. मी पण जाते. आम्ही दोघंही फार चांगलं वागतो एकमेकांशी, आणि त्याचाच मला ताप होतो.

दिवाळीत भाऊबीजेला तो आला. वैशाली, पोरं, सगळे होते. पाट मांडला, रांगोळी काढली, तो बसला. पोरांनी त्याच्या डोक्यावर कुणाची तरी टोपी घातली म्हणून हसणं चाललं होतं. मी कुंकवाचं बोट घेऊन टिळा लावायला हात उचलला.

त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि मान खांद्यात ओढून घेतली.

क्षणभरच. मग लगेच हात खाली घेतले, कानापर्यंत लाल झाला आणि हसत म्हणाला, "अरे, हात आपोआपच उठते पाहा." वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. त्या बाईला कोणी काही सांगितलेलं नाही, पण त्या क्षणी तिला सगळं कळलं. म्हणजे त्याची गोष्ट कळली. माझी नाही.

"लाव ना ताई," तो म्हणाला, आणि त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. मी टिळा लावला. त्याचं कपाळ घामानं ओलं झालं होतं.